बंद गाडीत एकटं मूल दिसलं तर काय करायचं?

मे महिन्यातली लग्नाची दाट तिथी. नाशिकच्या गंगापूर रोडवरचं एखादं लॉन्स, बाहेरच्या मैदानात ओळीने उन्हात लावलेल्या गाड्या, आत बँड. त्यातल्या एका गाडीत मागच्या सीटवर दीड-दोन वर्षांचं लेकरू झोपलेलं असतं. वाटेतच त्याचा डोळा लागला होता, आईला वाटलं उठवलं तर किरकिर करील. "राहू दे, अक्षता टाकून पाच मिनिटांत येऊच." आपल्याकडची पाच मिनिटं केवढी असतात ते सांगायला नको. मुहूर्त लांबतो, आहेर असतो, मामा भेटतात, कुणीतरी फोटोला ओढतं.

गोदाघाटावर आणखी एक अडचण. मेन रोड, सराफ बाजार, रविवार कारंजा इथे गाडी लावायला जागा मिळत नाही. मग गाडी गौरी पटांगणावर नाहीतर म्हसोबा पटांगणावर लावायची आणि पायी वर बाजारात जायचं. मुलाची आठवण झाली आणि लगेच वळले, तरी गर्दीतून परत यायला वेळ जातोच. त्र्यंबकेश्वरला दर्शनाच्या रांगेत गेलेल्यांचं तर विचारूच नका.

हा लेख त्या आईबापांसाठी नाही. शेजारून जाताना ज्याला काचेतून ते मूल दिसतं आणि जो थबकतो, त्याच्यासाठी आहे. त्याच्या मनात काय येतं ते आपल्या सगळ्यांना माहीत आहे: "इथेच असतील कुठेतरी. आपण कशाला लोकांच्या भानगडीत? गाडीला हात लावला आणि कुणी चोर म्हटलं तर?" या विचारात चार-पाच मिनिटं सहज जातात. मग तो जबाबदारीने वागायचं म्हणून गाडीचा मालक शोधायला निघतो, आणि माझ्या मते घोळ तिथेच होतो. मालक शोधायला दुसरं कुणीही जाऊ शकतं. तुम्हाला मूल दिसलंय ना, मग तुम्ही त्या गाडीपासून हलायचं नाही. पुढचं सगळं याच एका गोष्टीभोवती आहे.

हाताशी वेळ किती असतो?

बंद गाडी किती वेगाने तापते याचा अंदाज बहुतेकांचा चुकतो. उन्हातल्या गाडीत पहिल्या दहा मिनिटांत तापमान साधारण १० अंशांनी वाढतं, अर्ध्या तासात १९-२० अंशांनी. बाहेर ३८ असेल तर दहा मिनिटांत आत ४८ आणि अर्ध्या तासात ५७ च्या आसपास. अमेरिकेत २००५ साली प्रसिद्ध झालेल्या मोजणीत असं दिसलं, की तासाभरात जेवढं तापमान वाढतं त्यातलं ८० टक्के पहिल्या अर्ध्या तासातच वाढून जातं. काच दोन बोटं खाली ठेवली होती तरी फारसा फरक पडला नाही. दिंडोरी-मोहाडीकडच्या गुलाबाच्या पॉलीहाऊसमध्ये जो दुपारी बारा वाजता एकदा शिरलाय, त्याला हे पटवून द्यावं लागणार नाही.

आपल्या हवेचा आपल्याला अभिमान असतो, "नाशिक काय, थंडच असतं." पण त्याच मोजणीत बाहेर जेमतेम २२ अंश असलेल्या दिवशी उन्हातल्या गाडीत पारा तासाभरात ४७ पर्यंत गेला होता. म्हणजे जानेवारीतली दुपारसुद्धा पुरते. सावलीतली गाडी हळू तापते, पण तापते. शिवाय तासाभराने ती सावली तिथे असेलच असं नाही.

मुलाचं अंग मोठ्या माणसापेक्षा तिप्पट ते पाचपट वेगाने तापतं. अंगातलं तापमान ४० च्या वर गेलं की उष्माघात, ४२ च्या जवळ गेलं की जिवावर बेततं. म्हणून "थोडा वेळ वाट पाहू" हे वाक्य इथे बाद.

पहिलं अर्धं मिनिट: मुलाकडे नीट बघा

काचेला फिल्म असेल, उन्हाची तिरीप असेल तर आतलं काही दिसत नाही. दोन्ही तळव्यांचा आडोसा करून डोळे काचेला लावा, मोबाइलचा टॉर्च लावा. फक्त सीटवर बघू नका. घामाघूम झालेलं मूल सीटवरून घसरून खाली पाय ठेवायच्या जागेत गेलेलं असू शकतं. तान्हं बाळ मागे तोंड असलेल्या बेबी सीटमध्ये असेल तर बाहेरून नुसती सीटची पाठ दिसते, म्हणून दुसऱ्या बाजूला जाऊनही बघा.

मग काचेवर जोरात थापा मारा, हाक मारा. आता मूल काय करतं ते बघायचं.

रडतंय, तुमच्याकडे बघतंय, काचेला हात लावतंय, म्हणजे अजून ताकद आहे. हाताशी थोडा वेळ आहे. गप्प मूल जास्त धोक्याचं. केस कपाळाला चिकटलेत, चेहरा लालबुंद किंवा उलट पांढुरका, श्वास भराभर चाललाय, मान एका बाजूला कललीय, ओकारीचे डाग दिसतायत, हाक मारली तर डोळे अर्धवट उघडून पुन्हा मिटतायत: यातलं काहीही दिसलं तरी ते "झोपलंय" असं समजू नका. काचेवर एवढ्या थापा पडल्यावर निवांत झोपलेलं मूल दचकून उठतं. अंग कोरडं असेल तर उष्माघात आणि घाम असेल तर नाही, असंही नसतं. बंद गाडीत घामाने निथळणाऱ्या मुलालाही उष्माघात होतो.

उलट प्रत्येक गाडीतलं प्रत्येक मूल संकटात असतं असंही नाही. नऊ-दहा वर्षांचा मुलगा कडुलिंबाखाली, चारही काचा उघड्या, मोबाइलवर गेम खेळत बसलाय आणि आई समोरच्या दुकानाच्या पायरीवर दिसतेय. तिथे "बाळा, ठीक आहेस ना? मम्मी कुठेय?" एवढं पुरे. दोन मिनिटं थांबा, आईला खूण करा, पुढे व्हा. आरडाओरडा करून गर्दी जमवायची गरज नाही.

दारं ओढून बघा, सगळी

हे इतकं साधं आहे की लोक विसरतात. पाच जण गोळा होतात, काच फोडायची की नाही यावर वाद घालतात, आणि पलीकडचं दार उघडंच असतं. चारही दारं ओढा, डिकीही. जुन्या गाड्यांत सेंट्रल लॉकचं एखादं दार बिघडलेलं असतं. हात लावल्यावर अलार्म वाजला तर वाजू द्या. तेवढाच मालकाला निरोप.

कामं बोट दाखवून वाटा

"कुणीतरी पोलिसांना फोन करा" असं म्हटलं की कुणीच करत नाही. बोट दाखवा, कपड्यांवरून हाक मारा: "निळा शर्ट, दादा, तुम्ही ११२ लावा. ताई, तुम्ही जरा इथे माझ्याजवळ थांबा. आणि तू मोबाइलवर शूटिंग चालू कर." नाशिकच्या रस्त्यावर मदतीला माणसं मिळतात, फक्त नेमकं काम सांगावं लागतं.

११२ वर पोलीस, अँब्युलन्स, अग्निशमन दल, सगळ्यांसाठी एकच नंबर आहे. फोन करणाऱ्याने आधी ठिकाण सांगायचं, मग बाकीचं. उदाहरणार्थ: "गौरी पटांगण, गोदाघाट. पांढरी कार, नंबर एमएच १५ पासून, पूर्ण नंबर सांगतो. आत साधारण दोन वर्षांचं मूल एकटं आहे. दारं बंद आहेत. हाक मारली तर डोळे उघडत नाही. अँब्युलन्सही लागेल." पलीकडचा माणूस प्रश्न विचारेल, फोन आपणहून ठेवू नका. मूल निपचित असेल तर दुसऱ्या कुणाला त्याच वेळी थेट १०८ लावायला सांगा. त्या अँब्युलन्समध्ये डॉक्टर असतो. ११२ ला केलेल्या फोनचा आणखी एक उपयोग: तुम्ही किती वाजता, काय सांगितलं याची नोंद राहते. उद्या कुणी काही विचारलं तर ती कामाला येते.

मालक शोधण्याचं काम तिसऱ्या माणसाला द्या. लॉन्सवर हे सगळ्यात सोपं, कारण माईक असतो. मात्र नेहमीची घोषणा करू नका. "एमएच १५ अमुक अमुक, गाडी काढून घ्यावी" हे लग्नात इतक्या वेळा ऐकू येतं की मालकही मान वर करत नाही, पंक्तीतून तर कुणी उठतच नाही. बँड थांबवायला लावा आणि म्हणा, "या गाडीत लहान मूल अडकलंय, गाडीवाल्यांनी पळत या." मॉलमध्ये सिक्युरिटीला किंवा हेल्प डेस्कला सांगा, मंदिरात देवस्थानच्या कार्यालयातून स्पीकरवर. बाजारात असाल तर समोरच्या तीन-चार दुकानांत आणि पार्किंगच्या पोऱ्याला विचारा. गाडी कुणाची, कुठल्या दिशेने गेले, हे त्याच्या लक्षात असतं. काही जण काचेवर मोबाइल नंबर लिहून ठेवतात, तोही बघा. मोबाइलमधल्या परिवहन अ‍ॅपवर गाडीचा नंबर टाकत बसू नका. मालकाचं नाव अर्धवट दिसतं आणि फोन नंबर मिळत नाही. ते पोलिसांना काढता येतं.

मूल ठीकठाक असेल तर या शोधाला दोन-तीन मिनिटं द्या. सुस्तावलेलं असेल तर शोध चालू राहू दे, पण त्याची वाट बघू नका.

आतल्या मुलाकडून दार उघडून घेता येतं का?

तीन-चार वर्षांच्या पुढचं, भानावर असलेलं मूल बऱ्याचदा दार उघडू शकतं. त्याला फक्त कळलेलं नसतं, किंवा ते घाबरलेलं असतं. एकाच माणसाने बोलायचं, बाकीच्यांनी काचेपासून दूर व्हायचं. चारी बाजूंनी चेहरे आणि हात दिसले की मूल आणखी गांगरतं. एखाद्या बाईने किंवा दुसऱ्या मुलाने समजावलं तर लवकर ऐकतं, असा माझा तरी अनुभव आहे.

मागच्या दाराला चाइल्ड लॉक असेल तर ते आतून उघडत नाही. मूल कितीही ओढो. म्हणून त्याला दोन सीटच्या मधून पुढे यायला सांगा. पुढचं हँडल आतून ओढून दाखवायची खूण करा. "असं ओढ. अजून एकदा!" बऱ्याच गाड्यांत पहिल्या ओढीला लॉक सुटतं आणि दुसऱ्या ओढीला दार उघडतं. चावी आत राहिली असेल आणि मुलाच्या हातात असेल तर त्यावरचं उघड्या कुलपाचं बटण दाबायला सांगा. दार जमलंच नाही तर हॉर्न दाबायला सांगा. हॉर्न मुलांना आवडतोच.

चावी आत आणि आई बाहेर, हा प्रकार वरचेवर होतो. मुलाला बसवलं, चावी सीटवर टाकली, दार लावून पलीकडे येईपर्यंत लेकराने खेळता खेळता लॉकचं बटण दाबलं. अशा वेळी आईसमोरच चर्चा सुरू होते: घरून दुसरी चावी मागवू, चावीवाल्याला बोलावू. सिडकोतून दुपारी कॉलेज रोडला यायला कितीही घाई केली तरी वीस मिनिटं. मूल हसत-खेळत असेल, गाडी सावलीत असेल आणि चावीवाला शेजारच्याच गल्लीत असेल तरच हा मार्ग. नाहीतर काच.

काच फोडायची वेळ आली तर

मूल प्रतिसाद देत नाही, सुस्त आहे, झटके येतायत, किंवा भर उन्हात बराच वेळ झालाय आणि कुणी सापडत नाही, अशा वेळी पोलिसांची वाट बघत थांबू नका. ११२ वर तसं सांगा, "मूल बेशुद्ध वाटतंय, आम्ही काच फोडतोय," आणि फोडा.

पुढची मोठी काच फोडू नका. ती दोन काचांच्या मध्ये प्लास्टिकचा थर असलेली असते, तडे जातात पण भोक पडत नाही. बाजूच्या दारांच्या काचा बहुतेक गाड्यांत टफन्ड असतात, एकदा फुटली की पूर्ण काचेचा चुरा होतो. मुलापासून सगळ्यात लांबची बाजूची काच निवडा. मूल मागे उजवीकडे असेल तर पुढची डावी.

मुठीने किंवा कोपराने मारू नका, हात मोडेल. गोल दगड काचेवरून उडून परत येतो. टोकदार आणि कडक काहीतरी पाहिजे. रिक्षावाल्याकडे, टेम्पोवाल्याकडे चाकाचा पाना किंवा टॉमी असतेच. पंक्चरवाला जवळ असेल तर उत्तमच. स्पार्क प्लगच्या पांढऱ्या चिनी मातीचा टोकदार तुकडा जोरात मारला तरी काच जाते. काही न मिळाल्यास दुसऱ्या गाडीच्या सीटचं हेडरेस्ट उपसून काढा आणि त्याच्या सळईचं टोक वापरा. काचेच्या मध्यभागी नको, खालच्या कोपऱ्यात मारा. तिथे काच लवकर फुटते.

मारण्याआधी हाताला ओढणी, टॉवेल, शर्ट काहीतरी गुंडाळा, तोंड बाजूला वळवा, जवळच्या लोकांना मागे करा. मूल भानावर असेल तर त्याला डोळे मिटून तोंड झाकायला सांगा. काचेला फिल्म असेल तर फुटूनही ती पडद्यासारखी लटकते. कापड धरून ओढून काढा. मग हात आत घालून लॉक काढा आणि दारातून मूल बाहेर घ्या. फुटलेल्या काचेच्या चौकटीतून ओढू नका. सीटवर खडे पसरलेले असतात, मुलाच्या पायात चप्पल नसते. बेबी सीटचा किंवा बेल्टचा धातूचा भाग चटका बसेल इतका तापलेला असू शकतो. तो मुलाच्या कातडीला लागू देऊ नका.

एखाद-दुसऱ्या महागड्या गाडीत बाजूच्या काचाही पुढच्यासारख्याच थर असलेल्या असतात. दोन-तीन घावांत नुसते तडे गेले तर हट्ट न करता दुसऱ्या दाराची किंवा मागची काच बघा.

बाहेर काढल्यावर

मूल कडेवर घेऊन मालकाला शोधत फिरू नका. गाडीजवळच, डोळ्यांसमोर सावली बघा. कपडे काढा, डायपरही. साधं पाणी अंगावर भरपूर ओता आणि वारा घाला: वही, पुठ्ठा, लग्नपत्रिका, काहीही चालेल. ओलं अंग आणि वारा, या दोन्ही गोष्टी एकत्र लागतात. मान, काखा आणि जांघा इथे ओली फडकी ठेवा. बर्फ शोधायला लांब जावं लागत नाही. उन्हाळ्यात नाशिकला कोपऱ्याकोपऱ्यावर रसवंती असते आणि लॉन्सच्या स्वयंपाकघरात तर लादीच असते. बर्फ थेट कातडीवर न ठेवता कापडात गुंडाळून ठेवा.

मूल पूर्ण जागं असेल, गिळत असेल, तर घोट-घोट पाणी किंवा ओआरएस द्या. अंगावर पिणारं बाळ असेल आणि आई आलेली असेल तर तिने पाजावं. गुंगीत असलेल्या मुलाच्या तोंडात काहीही घालू नका, पाणी श्वासनलिकेत जातं. तापाचं औषध देऊ नका. हा ताप आजाराचा नसतो, त्या औषधाने उतरत नाही. गर्दीतून कुणीतरी कांदा नाकाला लावा म्हणेलच. लावू द्यायला हरकत नाही, पण पाणी ओतणारा हात त्यासाठी थांबता कामा नये.

बेशुद्ध आहे पण श्वास चालू आहे, तर कुशीवर झोपवा. श्वास थांबला असेल तर छातीवर दाब सुरू करा. वर्षाच्या आतलं बाळ असेल तर दोन बोटांनी, मोठं असेल तर एका तळव्याच्या टाचेने, छातीच्या मधोमध. छाती एक तृतीयांश खाली जाईल इतकं, मिनिटाला १०० ते १२० या वेगाने, दर ३० दाबांनंतर दोन श्वास. फोन स्पीकरवर ठेवून १०८ च्या डॉक्टरांना विचारत करा.

अँब्युलन्सला उशीर होत असेल तर कुणाच्याही गाडीतून निघा. त्र्यंबक नाक्याजवळ जिल्हा रुग्णालय, कथड्यात महापालिकेचं डॉ. झाकीर हुसेन रुग्णालय, नाशिकरोडला बिटको. पण जवळचं बालरुग्णालय लागत असेल तर तिथेच घुसा. वाटेत काचा उघड्या ठेवा आणि अंग ओलं करत रहा. नेताना किमान दोघं जा, त्यात एक बाई असू द्या, आणि कुठे नेतोय हे गाडीजवळ थांबणाऱ्याला आणि ११२ ला सांगून जा. मूल दहा मिनिटांत खेळायला लागलं तरी डॉक्टरला दाखवायचंच. गरम अंगाचा परिणाम आतल्या अवयवांवर नंतर दिसतो.

"पोरं पळवतायत" असं कुणी ओरडलं तर

ही भीती उगाच नाही. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्याला मुलं पळवणारी टोळी समजून जमावाने भिक्षेकरी समाजातल्या पाच जणांना ठार मारलं. त्याच दिवशी आपल्या मालेगावातही अशाच संशयावरून काही लोकांना घेरलं होतं, पोलिसांनी त्यांना वाचवलं. व्हॉट्सअ‍ॅपवरचे ते मेसेज अजून अधूनमधून फिरतात.

रडणारं, अनोळखी मूल हातात घेतलेला पुरुष, शेजारी फुटलेली काच. नंतर आलेल्या माणसाला हे दृश्य काय दिसेल याचा विचार आधीच करून ठेवा. म्हणून सुरुवातीलाच मोठ्याने सांगत रहा: "मूल गाडीत अडकलंय, पोलिसांना कळवलंय, यायला निघालेत." शूटिंग काच फोडण्याच्या आधीपासून चालू असू द्या, त्यात मुलाची हालत आणि तुमचं बोलणं दोन्ही यावं. मूल शक्यतो त्या थांबवून घेतलेल्या ताईंच्या हातात द्या. आणि पुन्हा तेच: गाडीपासून लांब जाऊ नका. ते शूटिंग पोलिसांना दाखवायला आहे. ग्रुपवर टाकू नका, मुलाचा चेहरा गावभर करायचं काही कारण नाही.

मालक आल्यावर

धावत येणाऱ्या बाईच्या अंगावर धावून जाणारे महाभाग असतात. "कसली आई आहेस तू?" असं म्हणणाऱ्यांना बाजूला काढा, हवं तर त्यांना पाणी आणायला पिटाळा. घाबरलेले आईबाप गाडी सुरू करून निघून जायला बघतात, आणि मूल दवाखान्याऐवजी घरी पोचतं. शांतपणे सांगा: "ताई, घाबरू नका, बाळ श्वास घेतंय. आधी हे पाणी ओता. अँब्युलन्स येतेय." काचेचे पैसे, चूक कुणाची, हे नंतर. आणि अमेरिकेतल्या नोंदींनुसार गाडीत मुलं दगावण्याच्या घटनांत निम्म्याहून जास्त वेळा काळजी घेणारंच माणूस विसरलेलं असतं. रोजचा रस्ता, मागे झोपलेलं शांत बाळ, डोक्यात ऑफिस. मेंदू सवयीने गाडी चालवतो आणि मूल पाळणाघरात सोडलं असंच धरून चालतो. मलाही हे आधी पटत नव्हतं.

मात्र आलेली व्यक्ती खरंच पालक आहे का, हे बघायचं. मूल त्यांच्याकडे झेपावतं का, मोबाइलमध्ये मुलाचे फोटो आहेत का. शंका आली तर पोलीस येईपर्यंत मूल सोपवू नका. कुणी दारू प्यायलेलं असेल, किंवा हेच मूल असंच एकटं ठेवलेलं वारंवार दिसत असेल, तर चाइल्ड हेल्पलाइन १०९८ ला कळवा.

कायद्याचं काय?

गाडीत मूल एकटं ठेवण्याबद्दल आपल्याकडे वेगळं कलम नाही. पण बाल न्याय कायदा २०१५ च्या कलम ७५ खाली ताब्यातल्या मुलाकडे जाणूनबुजून दुर्लक्ष करून त्याला त्रास होऊ देणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद, एक लाख रुपये दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. मूल दगावलं तर भारतीय न्याय संहितेचं निष्काळजीपणाने मृत्यूचं कलम १०६ आहेच.

काच फोडणाऱ्याच्या कामाचं त्याच संहितेचं कलम १९. गुन्ह्याचा हेतू नसताना, प्रामाणिकपणे, मोठं नुकसान टाळण्यासाठी केलेलं नुकसान हा गुन्हा ठरत नाही. कायद्यातच उदाहरण आहे: आग पसरू नये, माणसं वाचावीत म्हणून मधलं घर पाडणारा. धोका तितका जवळचा आणि खरा असला पाहिजे, हे त्यात गृहीत आहे. म्हणून तर मुलाची हालत शूटिंगमध्ये दिसली पाहिजे आणि ११२ चा फोन आधी झालेला पाहिजे. कडुलिंबाखाली गेम खेळणाऱ्या मुलाची काच फोडलीत तर हे कलम मदतीला येणार नाही.

"एसी चालू आहे की!"

हे उत्तर हमखास मिळतं. एसी चालू म्हणजे इंजिन चालू आणि चावी आत. मूल पुढच्या सीटवर येऊन गिअर पाडू शकतं, हँडब्रेक सोडू शकतं, पॉवर विंडोत मान अडकवू शकतं. इंजिन मध्येच बंद पडलं तर एसी जातो आणि काचा बंदच राहतात. मूल खुशीत असलं तरी मालक येईपर्यंत थांबा आणि अधूनमधून काचेला हात लावून बघा. एसी चालू असलेल्या गाडीची काच आतून गार असते. ती कोमट लागायला लागली की समजा काहीतरी बंद पडलंय.

न सापडणारं मूल आणि उभी गाडी

आपल्याकडे आणखी एक प्रकार वारंवार होतो. कुणी मुलाला गाडीत सोडलेलं नसतं, मूल खेळता खेळता स्वतःच आत शिरतं. एप्रिल २०२४ मध्ये मुंबईत अँटॉप हिलला दोन लहान भावंडं पडून असलेल्या गाडीत मृतावस्थेत सापडली. मे २०२५ मध्ये आंध्रच्या विजयनगरम जिल्ह्यात चार मुलं अशीच गेली. दार उघडं होतं, मुलं आत बसली, दार लागलं, आतून उघडता आलं नाही.

वस्तीत, सोसायटीत, मळ्यात मूल दिसेनासं झालं की लोक आधी रस्ता, विहीर, पाण्याची टाकी बघतात. ते बघाच, पण त्याच वेळी दोन माणसं फक्त गाड्या तपासायला लावा. प्रत्येक उभी गाडी, मागच्या सीटची फरशी, डिकी. गॅरेजबाहेर वर्षानुवर्षं पडलेल्या, धुळीने काचा माखलेल्या गाड्या आधी, कारण त्यांच्या आतलं बाहेरून काहीच दिसत नाही आणि दार कुणी लावलेलं नसतं. काचेवरची धूळ पुसा आणि आत टॉर्च मारा. कव्हर घातलेली गाडी असेल तर कव्हर काढूनच बघा. मुलाच्या नावाने हाका मारताना मध्येमध्ये सगळ्यांनी गप्प व्हायचं आणि कान द्यायचा. आतून ठोकल्याचा आवाज बंद काचेतून फार हळू येतो.

सोसायटीच्या वॉचमनला रात्रीच्या फेरीत गाड्यांची दारं ओढून बघायला सांगा, उघडी सापडली तर मालकाला फोन. बेवारस गाडी महिनोन् महिने पडून असेल तर महापालिकेला आणि वाहतूक पोलिसांना लेखी कळवा आणि ती उचलेपर्यंत तिची चारही दारं आणि डिकी तार बांधून बंद करून टाका.